जावांची चांदी

लग्नाला अठरा दिवस झाले होते आणि ऋताला घरातली चांदी घासायला बसवलं होतं. पौर्णिमेच्या पूजेची तयारी होती ती. निरांजन, अत्तरदाणी, सासूबाईंच्या रुखवतातला पेला असं सगळं वर्तमानपत्रावर मांडलेलं, शेजारी वाटीत चिंच आणि रांगोळी. नेरूळच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला इतकं सामसूम असायचं की खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी आपल्याच ओट्यावरची वाटावी. नव्या सुनेला असली कामं बरी असतात. मान खाली घालून बसता येतं, कुणी काही विचारत नाही, आणि घर कसं आहे ते कानांनी समजून घेता येतं.

हे घर म्हणजे दोन देश होते, एवढं तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. स्वयंपाकघर आणि देव्हारा सासूबाईंचा, भागीरथीबाईंचा. हॉल आणि त्यातलं काचेचं शोकेस सासऱ्यांचं. सासरे दिनानाथ, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत, गोदीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. चार फुटांवर बसलेल्या नवऱ्याला सासूबाई निरोप धाडायच्या तो सुनेमार्फत. "तुझ्या सासऱ्यांना सांग, च्या झालाय." आणि सासरे तिकडून, "तिला सांग, ऐकू आलं."

शोकेसमध्ये इतरांच्या घरी असतात तसल्या बाहुल्या, कप वगैरे नव्हतं. निळ्या मखमलीची एकच डबी होती. अप्पांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ते चाचपडत उठले, डबी काढली आणि ऋतासमोर उघडून धरली.

"सूनबाई, हे मात्र घासायचं नाही हं. चिंच तर अजिबात नको. नुसतं कापसानं टिपून घे. मला दिसत नाही म्हणून तुला देतोय."

आत चांदीचं पदक होतं. एका बाजूला राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला समुद्री घोड्यावर बसलेली बाई. वर पांढरी रेशमी फीत, तिच्या दोन्ही कडा निळ्या. फितीवर एकाखाली एक चांदीच्या आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर इंग्रजी अक्षरांत एकेका लढाईचं नाव. चार पट्ट्या अख्ख्या. सर्वांत खालची मात्र अर्धीच. तिच्यावर दोनच अक्षरं होती, जे आणि ए.

"जा," ऋतानं वाचलं.

"जावा," अप्पा म्हणाले. "बेट आहे ते, पूर्वेला. अठराशे अकरा साली कॅप्टन ड्रेकॉट तिथं लढला. तेव्हा ते बेट बोनापार्टच्या माणसांकडे होतं." त्यांचा आवाज एकदम शाळामास्तरासारखा झाला. "बाराव्या वर्षी जहाजावर चढला, सत्तरीत पदक मिळालं. जे जगले-वाचले होते त्यांनाच मिळालं ते, अर्ज करून. अडुसष्ट साली जुन्या बाजारात गंजक्या किल्ल्यांच्या जुडग्यात मला सापडलं. लंडनला किती पत्रं लिहिली, त्याची अख्खी कारकीर्द उतरवून काढली मी. वही आहे, वाच कधी."

"लई देवमाणूस होता," स्वयंपाकघरातून आवाज आला. भिंतीशी बोलावं तसा. "वाच, वाच. शरण आलेल्यांचं त्यानं काय केलं ते पन वाच."

ऋतानं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली.

"जावाच्या किनाऱ्यावर एका गलबतानं निशाण उतरवलं होतं," ते हळूच म्हणाले. "याने तोफा थांबवल्या नाहीत. चौकशी झाली पुढे. तो म्हणाला, ‘हातावर ठेवलेलं मी घेत नाही. जिंकलेलं घेतो.’ … बाणेदार माणूस होता."

तिनं कापूस घेतला आणि राणीचं नाक टिपायला सुरुवात केली. तेव्हाच तो आवाज झाला.

टक… टक… टक…

गॅलरीच्या दारापासून शोकेसपर्यंत कुणीतरी जड, टणक टाचेचे बूट घालून चालत आलं. सावकाश. दहा पावलं. मग टाच घासून वळल्याचा आवाज, आणि परत दहा. हॉलमध्ये ती आणि अप्पाच होते. सकाळचं ऊन फरशीवर पडलेलं होतं, आणि त्या उन्हात काही म्हणजे काही नव्हतं.

"अप्पा, वर कुणी राहतं का?"

"वर गच्ची आहे," अप्पा म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखे. मग तिच्याकडे झुकून त्यांनी विचारलं, आणि ऋताला जर कशाची भीती वाटली असेल तर त्यांच्या आवाजातल्या उत्सुकतेची:

"वास आला का गं तुला? डांबराचा… ओल्या दोराचा?"

आला होता.

दुसऱ्या दिवशी पूजेला माणसं जमलेली असतानाच तो आवाज झाला. पावणेबारा वाजले होते. आरतीच्या गजरात फक्त तिलाच कळला. आणि अप्पांना, कारण टाळ्या वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. तिसऱ्या दिवशी साडेबारा. ऋता मूळची मोजमापाची. पोळ्या किती झाल्या, जिन्याला पायऱ्या किती, सासूबाई दिवसातून किती वेळा "आमच्यात असं नसतं" म्हणतात, सगळं तिच्याकडे मोजलेलं असायचं. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंबं देऊन वेळा लिहून ठेवल्या. रोज पाऊण तास पुढे. भूत असेल तर असेल, पण इतकं शिस्तीचं?

सारसोळ्याची राजाबाई कोळीण दुपारी पाटी घेऊन दारात बसायची. बोंबील निवडताना ऋतानं सहज म्हणावं तसं विचारलं, "मावशी, रोज पाऊण तास उशिरा येतं असं काय असतं हो?"

"बस," राजाबाई म्हणाली, आणि आपल्याच विनोदाला हसली. मग म्हणाली, "आनि भरती. तिथीची पावनपट करायची, तेवढ्या वाजता पानी भरतं. आमची खारी दर्यापासून आत हाय, म्हनून वर घटकाभर धर. कशाला इचारतेस, पोरी?"

"सहज."

राजाबाईनं सुरी थांबवली. तिची नजर ऋताच्या पायांकडे गेली होती. "तुजी जोरवी घट झाली क काय? बोटां बघ कशी निली परलीत."

खरंच, जोडवी आवळली होती. ही जोडवी लग्नात सासरहून आलेली, जाड आणि साधी, आतून-बाहेरून गुळगुळीत. ऋता मोरीत गेली, साबण लावला आणि जोडवं जरासं वर सरकवलं. पूर्ण काढायची छाती झाली नाही; जोडवी केव्हा उतरवतात ते तिच्या आईनं तिला न सांगताही ठाऊक होतं. पण सरकवल्यावर खालची कातडी दिसली. उजव्या पायाच्या बोटावर ठसा होता, शिक्का मारल्यासारखा लालभडक. उलटं छप्पर. डाव्या पायाच्या बोटावर सुलटं छप्पर, मध्ये आडवी रेघ.

व्ही. ए.

तिनं पाणी ओतलं, चोळलं. ठसा गेला नाही. पलीकडे हॉलमध्ये डबीतल्या पट्टीवर जे आणि ए होतं, आणि इथं तिच्या पायांवर उरलेलं.

"आई," संध्याकाळी तांदूळ निवडताना तिनं विचारलं, "ही माझी जोडवी कुठल्या सोनाराकडची?"

भागीरथीबाईंनी वर न बघताच सांगितलं. त्यांना ते सांगायचं होतंच बहुतेक, कुणी विचारायची वाट होती. "वाशीच्या. पन चांदी घरची हाय. तुझ्या सासऱ्याच्या त्या गोऱ्याची."

"म्हणजे पदकाची?"

"मग! तीस वर्सं ते बिल्लं पुसत बसलाय ह्यो मानूस. पोरं तापानं फणफणली तरी हे लंडनला पत्रं लिहित्यात. थोरल्या विश्वजितचं लगीन ठरलं तवा मी डबी उघडली. म्या चौथी शिकलीया, पन बसच्या पाट्या वाचून इंग्रजी अक्षरं येत्यात. खालच्या पट्टीवर लिहिलेलं. जे ए व्ही ए. जा-वा." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला दोन ल्योक. उद्या दोन सुना येनार, जावा-जावा. चार अक्षरं, चार बोटं. म्हनलं, देवानंच लिहून ठिवलंय हे जावांसाठी. दिली पट्टी काढून सोनाराला. दोन जोड करून घेतले, एक थोरलीला, एक तुला."

ऋताला हसू येणार होतं. इतिहासातलं एक अख्खं बेट सासूबाईंनी सुनांच्या पायात घातलं होतं. पण तिनं आपले पाय पदराखाली ओढून घेतले.

"कळल्यावर अप्पा काय म्हणाले?"

"रडला! पोटचं पोर गेल्यावर जेवढा रडला न्हाय तेवढा. म्हनला, छातीवरचं होतं ते, तू पायात घातलंस. म्हनलं, बरं केलं."

"आई… तुम्ही सोनाराला अर्धीच पट्टी दिली होती ना?"

"अर्धी कशाला? आख्खी दिली. माझ्या डोळ्यांदेखत मुशीत घातली त्यानं."

तांदळातला खडा ऋताच्या चिमटीत तसाच राहिला.

थोरली जाऊ उत्कर्षा कोपरखैरण्याला भावाकडे राहायची, तिथल्याच बालवाडीत शिकवायची. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा विश्वजित गेला त्यानंतर ती या घरी राहिली नव्हती. ऋता तिला लग्नातच काय ती भेटलेली; तेव्हाही ती मागच्या रांगेत बसली होती. ऋता तिला भेटायला तिकडे गेली, आणि बालवाडी सुटल्यावर दोघी तिथल्याच बुटक्या बाकांवर बसल्या, गुडघे हनुवटीला लावून.

"मला वाटलंच होतं तू येशील," उत्कर्षा म्हणाली. "पावलं ऐकू यायला लागली?"

ऋतानं मान हलवली.

"मला दोन वर्षं येत होती. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, सोसायटीचं बांधकाम पोकळ आहे." ती हसल्यासारखं करून थांबली. "मग एक दिवस म्हणाले, चहा खारट लागतोय. मी साखर वाढवली. रोज तेच. आठवडाभर. खोकला. आणि छातीवर इथं, डावीकडे, पुरळ उठलं. एक गळासारखं, मासे पकडायचा गळ असतो ना तसं, आणि शेजारी छपरासारखं. मी कॅलामाइन लावत होते. लहान मुलांना अक्षरं शिकवते मी ऋता, आणि मला माझ्या नवऱ्याच्या छातीवरची वाचता आली नाहीत."

"मग?"

"त्या दिवशी कामाला निघताना म्हणाले, ‘जातो.’ मी ओरडलेसुद्धा, जातो काय, येतो म्हणा. वळून नुसतं बघितलं. तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कोरड्या ठणठणीत खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालं होतं." तिनं बाकावरचा खडू उचलून डब्यात टाकला. "माझा भाऊ होता तिथं. तोंडातून आलं ते पाणी खारं होतं म्हणाला… वाळू होती त्यात."

"आणि तुमची जोडवी, ताई?"

"दहाव्याला उतरवली. आईंनी सारसोळ्याच्या खाडीत टाकली, माझ्यासमोर."

परत येताना बसमध्ये ऋतानं मनाशी एकेक पायरी लावली, जिना मोजल्यासारखी. बाईच्या पायातली चांदी कुणाला ओढून काढता येत नाही. ती एकाच कारणानं उतरते. हे त्या गोऱ्याला कुठल्या पुस्तकातनं कळणार? त्यानं ते या घरात राहून शिकून घेतलं होतं. निम्मी चांदी त्यानं तशीच मिळवली होती. उरलेली निम्मी तिच्या पायात होती.

घरी आल्यावर ती सरळ अप्पांसमोर उभी राहिली.

"अप्पा, अर्धी पट्टी परत कधी आली?"

अप्पांनी शोकेसकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "तेराव्याला. डबी उघडली तर… होती. जे, ए. जशीच्या तशी."

"आणि तुम्ही कुणालाच बोलला नाहीत? माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा?"

"मला वाटलं, संपलं असेल." डोळ्यावरच्या पट्टीखालून पाणी ओघळत होतं, ऑपरेशनचं की कशाचं, कोण जाणे. "आणि सूनबाई, खरं सांगू? ती पट्टी पुन्हा दिसली तेव्हा क्षणभर… क्षणभर मला बरं वाटलं."

ऋतानं या माणसाचा द्वेष करायचा ठरवला, आणि पोळ्या करायला आत गेली.

त्या रात्री काही झालं नाही. जे व्हायचं ते सकाळी झालं, साध्या उजेडात, चहाच्या टेबलाशी. निशांत, तिचा नवरा, पेपर वाचता वाचता घोट घेऊन थांबला. निशांत हसरा माणूस, दोन्ही देशांत त्याला व्हिसा होता.

"ऋता, साखरेच्या डब्यात मीठ भरलंयस का गं?"

तिनं त्याच्या कपातला घोट घेतला. गोड होता.

"आज राहू दे," ती म्हणाली. "नका पिऊ."

"खोकला पण होतोय सालं. ही आपली खाडीची हवा." तो उठला, बॅग घेतली. "येतो गं."

"या," ती म्हणाली, आणि दार लागेपर्यंत श्वास धरून उभी राहिली. येतो म्हणाला होता. अजून वेळ होता.

कॅलेंडरवर त्या दिवशी अमावस्या होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, वर घटकाभर. सासूबाई सोसायटीतल्या बायकांच्या भजनाला गेल्या होत्या. अप्पा खुर्चीत होते. साडेअकराला ऋता हॉलच्या मधोमध फरशीवर बसली, शेजारी साबण, खोबरेल तेलाची वाटी, आणि समोर उघडलेली डबी.

उजवं जोडवं निघेना. जसजशी ती ओढू लागली तसतसं ते आवळत गेलं, हाडापर्यंत. तेल लाल झालं. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली भंगारवाला ओरडत होता, कुणाच्या तरी टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. आणि या सगळ्याच्या मधून डांबराचा वास आला. मग दिवाळीनंतर सकाळी येतो तसा, जळक्या दारूचा.

टक… टक…

ती मोजत राहिली. पाच. सहा. आज पावलं शोकेसकडे गेली नाहीत. आठ. नऊ. दहावं पाऊल तिच्या समोर पडलं आणि तिथंच थांबलं.

फरशीवर ओल उमटली होती, दोन बुटांची, पुढून चौकोनी. ओलीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ धरत होती. शोकेसच्या काचेत काहीतरी निळं हललं. ऋतानं वर पाहिलं नाही. नव्या सुनेची मान खाली असते, त्याचा आयुष्यात एकदा तरी उपयोग झाला. पण वरून आपल्या पायांकडे कुणी पाहतंय हे तिला स्पष्ट कळत होतं. असं तिच्याकडे कुणी कधीच पाहिलं नव्हतं. कुत्र्यानं देवघरात तंगडी वर केली तर माणूस कुत्र्याकडे पाहील, तसं.

हिसका देऊन तिनं उजवं जोडवं काढलं. मग डावं. कातडी सोलून आली. दोन्ही जोडवी पदराला पुसून तिनं तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं तुम्हाला… आता आमचा माणूस सोडा."

हात तसाच राहिला. तळहातावरची चांदी गार होत गेली, इतकी गार की बोटं वळली. कुणी काही घेतलं नाही. मागे खुर्चीत अप्पा एकदम हलले.

"सूनबाई, असं नको… हातावर ठेवून नको…"

तिला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की काही ऐकून घ्यायचं नव्हतं. तिनं स्वतःच जोडवी डबीत ठेवली आणि झाकण लावलं. कट्ट.

पावलं वळली. दाराकडे गेली. दार बंद होतं, तरी पावलं बाहेर गेली आणि जिना उतरू लागली. तिनं पायऱ्या मोजल्या. सव्वीस. बरोबर सव्वीस. मग खाली गेटपाशी भंगारवाल्याची हाक मध्येच तुटली, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली.

गेला, ऋता मनात म्हणाली. घरातून गेला.

त्यानंतर घरात जे झालं ते भुताखेतापेक्षा मोठं होतं. भागीरथीबाई भजनाहून आल्या आणि त्यांची नजर सुनेच्या उघड्या बोटांवर पडली.

"अगं ए कैदाशिणी! नवरा जित्ता असताना बोटं मोकळी केलीस? एक गिळला या घरानं, आता दुसऱ्यावर टपलीस व्हय?"

"आई, ती चांदी—"

"चांदी-बिंदी मला सांगू नगंस! तू जा तुझ्या आईकडं. जावा, जावा समदी, मी एकलीच ऱ्हाते हितं!"

संध्याकाळी निशांत आला. ऋता जिन्यातच उभी होती. तिनं त्याचा हात धरला, तो कोमट होता. आईची सगळी फिर्याद त्यानं बूट काढता काढता ऐकली आणि म्हणाला, "आई, मी जिवंत आहे का बघ चिमटा काढून." मग त्याची नजर ऋताच्या पायांवर गेली. रात्री स्वतः हळद आणून त्यानं पिवळा दोरा केला, तिच्या दोन्ही बोटांना सैलसर बांधला. "नवी घेऊ पगार झाल्यावर," तो म्हणाला. "दुकानातली. कुणाच्याही बापाची नसलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबी उघडली. जोडवी नव्हती. फितीवर पाच पट्ट्या होत्या, पाचही अख्ख्या. सर्वांत खालची इतकी चकचकीत, जणू कालच टांकसाळीतून आली होती. जे, ए, व्ही, ए. अप्पांनी बोटांनी ती चाचपून पाहिली, चारही अक्षरं, आणि डबी तिच्या हातात परत दिली. त्या दिवसापासून ते शोकेसजवळ बसेनासे झाले. खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेली. सासूबाई दोन दिवस त्या खुर्चीला वळसा घालून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातातच चहा दिला, निरोप न धाडता.

आवाज बंद झाला होता. ऋतानं कान लावून पाहिलं, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. फरशी नुसती फरशी होती. निशांत साखर कमी घाल म्हणायला लागला. खोकला गेला. तिनं कॅलेंडरवर टिंबं द्यायचं सोडून दिलं. बोटांवरचे ठसेही पुसट होत गेले; आधी उजव्यावरचा, मग डाव्यावरचा. अकराव्या दिवशी अंघोळ करताना तिनं पाहिलं तर दोन्ही बोटं कोरी होती. तिला इतकं हलकं वाटलं की ती मोरीत गाणं गुणगुणली, आणि बाहेरून सासूबाई चक्क म्हणाल्या, "आवाज बरा हाय की पोरीचा."

ती केस पुसत खोलीत आली. निशांत आरशासमोर उघडा उभा होता, सदरा हातात, डाव्या छातीवर खाजवत.

"घामोळं आलंय बहुतेक," तो म्हणाला. "डिसेंबरात घामोळं, कमाल आहे."

"कुठं? बघू."

तो वळला. डाव्या छातीवर, लोक पदक लावतात तिथं, शिक्का मारल्यासारखं लालभडक उठलं होतं. एक उलटं छप्पर. शेजारी एक सुलटं, मध्ये आडवी रेघ.

ऋताचे हात टॉवेलातच राहिले. तिला अप्पांचं वाक्य आठवलं, खुर्चीतलं, जे तिनं ऐकून घेतलं नव्हतं. आणि त्याच्याही आधीचं, चिंचेच्या वाटीशेजारी बसून ऐकलेलं, शरण आलेल्या गलबतावरही तोफा न थांबवणाऱ्या त्या कॅप्टनचं. हातावर ठेवलेलं मी घेत नाही.

"आज नका जाऊ कामाला," ती म्हणाली.

त्यानं सदरा चढवला, एकेक गुंडी लावली, वरपर्यंत, गळ्याशी घट्ट. एरवी वरची गुंडी तो कधी लावत नसे. टेबलावर चहा अर्धा तसाच होता. बाहेर स्वयंपाकघरात सासूबाई कॅलेंडरसमोर उभ्या राहून अप्पांना मोठ्यानं सांगत होत्या, आज एकादशी, दोघांनाही साबुदाणाच टाकलाय. अकराची पाऊणपट सव्वाआठ, ऋताच्या डोक्यानं तिला न विचारता हिशोब केला, वर घटकाभर. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठला पाच मिनिटं कमी होती.

"ऐकताय का? निशांत? आज नका ना…"

ती दाराशी आडवी उभी राहिली. त्यानं तिला हळूच बाजूला केलं. त्याचा हात गार होता, ओला होता. बॅग उचलली. हॉलमधून दारापर्यंत तो सावकाश, ताठ चालत गेला, आणि ती मोजत राहिली, कारण न मोजता तिला राहता येत नव्हतं. दहा पावलं झाली. उंबऱ्याशी तो टाच घासून वळला.

रोज तो ‘येतो गं’ म्हणायचा.

"जातो," तो म्हणाला.